डोंगरांच्या आधीची नदी

सप्रेम आशीर्वाद.

कॅनडातल्या साउथ नहानी नदीवरचं तुझं टिपण आणि हाताने काढलेला नकाशा, दोन्ही मिळाले. अक्षर सुरेख आहे. पण टिपण रेल्वेच्या वेळापत्रकासारखं झालंय: उगम, मग अमुक उपनदी, मग धबधबा, मग संगम. लांबी सुमारे ५६० किलोमीटर, हे कुणीही शोधून काढेल. तू नकाशाकडे पुन्हा एकदा बघ.

धबधब्याच्या खाली घळया सुरू होतात. काही ठिकाणी कडे हजार मीटरच्या आसपास उंच, आणि त्यांच्या तळाशी नदी कशी वाहते? नागमोडी! नागमोडी वळणं ही सपाट प्रदेशातल्या, सावकाश वाहणाऱ्या नदीची सवय. डोंगरातली नदी सहसा अशी रमतगमत जात नाही. म्हणजे वळणं आधीची आणि डोंगर नंतरचे. जमीन हळूहळू वर उचलली जात होती आणि नदी आपली जुनी वाट न सोडता तेवढीच खाली कापत गेली. सिंधू आणि सतलज हिमालय भेदून कशा येतात, हे तू शाळेत शिकलेलं आहेस. तोच न्याय मॅकेंझी पर्वतातल्या या नदीला लाव. टिपणाची सुरुवात मी तरी इथूनच केली असती.

घळयांच्या क्रमांकात तुझी फसगत झाली, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. मीही पहिल्यांदा फसलो होतो. धबधब्याच्या लगेच खाली आहे ती चौथी घळई, आणि पहिली सर्वांत शेवटी. बाहेरून आलेली माणसं लिआर्ड नदीकडून, प्रवाहाच्या उलट वर चढली. त्यांनी आपल्या वाटेने मोजलं. तिथले मूळ रहिवासी, देने लोक, त्यांच्या कितीतरी आधीपासून तिथे आहेत. धबधब्याला ते नाइलिंचो म्हणतात; व्हर्जिनिया हे नाव मागाहून आलं. नकाशात दोन्ही नावं दे, आणि देने नाव आधी. उंची ९० मीटरहून अधिक, नायगाराच्या जवळपास दुप्पट. हे एका ओळीत आटप.

मुंडकी नसलेल्या अवस्थेत सापडलेल्या मॅक्लाउड बंधूंवर तू दीड पान खर्च केलंस! सोन्याच्या शोधात गेलेल्या त्या दोघांमुळे डेडमेन व्हॅली हे नाव पडलं, एवढं पुरे. त्यापेक्षा पहिल्या घळईनंतर काय होतं ते लिही. कडे संपतात, नदीला जागा मिळते आणि ती वाळू-गोट्यांच्या बेटांमधून अनेक फाट्यांनी पसरते. या भागाला ‘स्प्लिट्स’ म्हणतात. पुढे नहानी ब्यूट गावापाशी ती लिआर्डला मिळते, लिआर्ड फोर्ट सिम्पसन गावापाशी मॅकेंझी नदीला, आणि मॅकेंझी पार आर्क्टिक महासागराला.

मी ती नदी पाहिलेली नाही. तिच्यापर्यंत रस्ताच नाही. लोक पाण्यावर उतरणाऱ्या छोट्या विमानाने जातात. १९७८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत अगदी पहिली जी बारा ठिकाणं आली, त्यांत नहानी राष्ट्रीय उद्यान हे एक. तरी माझं सगळं ज्ञान नकाशांवरचं, हे लक्षात ठेवून माझं ऐक.

आणि हो, नकाशावर उत्तर दिशेचा बाण राहिलाय. एरवी चाललं असतं. पण ही नदी उत्तरेच्या समुद्राला जायला निघते आणि आधी आग्नेयेकडे वाहते. बाण नसेल तर वाचणाऱ्याला हे कळणार कसं?

तुझा,
सर