शेल फोडण्याआधी थर ओळखा

प्रश्न थोडक्यात असा आहे: पश्चिम न्यू यॉर्कमध्ये डेव्होनियन काळातला, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीचा शेल (चिखलाचा बनलेला, थराथरांनी सुटणारा खडक) जीवाश्मांसाठी दिवसभर फोडला, हाती आले ते ब्रॅकिओपॉड या शिंपल्यासारख्या प्राण्यांचे तुकडे. दोन ट्रायलोबाइट (खंडाखंडांच्या कवचाचे, आता नामशेष झालेले समुद्री प्राणी) मिळाले, पण घरी पोचेपर्यंत त्यांचा भुगा झाला. तर कोणती हातोडी घ्यावी?

हातोडीकडे येतोच, पण दोष तिचा नाही. तुम्ही बहुधा चुकीचा थर फोडत होता, आणि जे मिळाले ते गुंडाळताना आणि वाळवताना गमावले.

हॅमिल्टन गट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तिथल्या थरांतला शेल लांबून सगळा एकसारखा करडा दिसतो. प्रत्यक्षात काही मीटर जाडीत जवळजवळ काहीच नसते आणि मध्येच वीतभर जाडीचा एखादा पट्टा गच्च भरलेला असतो. याचे कारण तेव्हाच्या समुद्रतळात आहे. काळाकुट्ट, कागदासारखे पातळ पापुद्रे सुटणारा, ताजा फोडल्यावर तेलकट वास येणारा शेल म्हणजे तळाशी ऑक्सिजन जवळपास नव्हता. तिथे तळावर राहणारे प्राणी मिळणार नाहीत. वरच्या पाण्यातून खाली पडलेले तेवढे मिळेल: स्टायलिओलिना या बारीक जिवाचे सुईएवढे शंकू, गोनिएटाइट हे गुंडाळलेल्या शंखाचे प्राणी, माशांचे अवशेष. ओहायोतल्या क्लीव्हलँड शेलमध्ये डंक्लिओस्टियससारख्या प्रचंड माशाची हाडांची ढाल मिळते, पण ट्रायलोबाइटसाठी तिथे घाम गाळण्यात अर्थ नाही. तुम्हाला हवा तो फिकट करडा, किंचित चुनखडीयुक्त, जाडसर फुटणारा शेल. शंका असेल तर बिनकामाच्या कपचीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब टाका. बुडबुडे आले तर चुना आहे. ही चाचणी फक्त कपचीवर करायची, जीवाश्मावर कधीही नाही.

थर शोधायला हातोडी लागत नाही. उताराच्या पायथ्याशी घरंगळून आलेला चुरा आधी बघा. हिवाळा संपल्यावर किंवा जोरदार पावसानंतर जाणे सर्वात चांगले, कारण गोठण्या-वितळण्याने खडक आपोआप सुटलेला असतो आणि पावसाने चिखल धुऊन निघालेला असतो. सकाळचे किंवा संध्याकाळचे तिरपे ऊन घ्या, भर दुपारी उठाव दिसत नाहीत. चुऱ्यात ट्रायलोबाइटची शेपटी किंवा डोक्याचा तुकडा दिसला की तिथून सरळ वर चढत जा. ज्या उंचीच्या वर असे तुकडे मिळेनासे होतात, त्याच्या लगेच खाली तुमचा थर असतो. त्याचा रंग, जाडी, वरखाली काय आहे हे वहीत लिहा आणि मग तोच पट्टा आडवा धरून पुढे सरका. उभे खणत गेलात तर पुन्हा रिकाम्या शेलमध्ये जाल. उताराचा वरचा भाग पुढे झुकलेला असेल तर मात्र त्याखाली बसू नका. शेलची कपार सुटताना आवाजही देत नाही. ईरी सरोवराच्या काठचे कडे या बाबतीत विशेष वाईट.

बफेलोजवळ हॅम्बर्गला पेन डिक्सी ही जुनी सिमेंट कंपनीची खाण आहे. तिथला विंडम शेल सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वीचा. त्यातल्या स्मोक क्रीक थरात एल्ड्रेजिऑप्स राना या ट्रायलोबाइटचे घोळके मिळतात, अचानक आलेल्या चिखलाखाली एकदम गाडले गेलेले. त्याच खाणीत दुसऱ्या थरात पोवळी आणि ब्रॅकिओपॉड इतके आहेत की वाकून वेचावेत, आणि आणखी एका थरात पायराइट (लोह आणि गंधकाचे सोनेरी खनिज) झालेले बारके जीवाश्म. एकाच खाणीत थर बदलला की शिकार बदलते ती अशी.

आता नजरेचा भाग. पूर्ण ट्रायलोबाइट पाठ वर करून, चित्रातल्यासारखा क्वचितच समोर येतो. फुटलेल्या कडेला दिसते ती काळपट तपकिरी, किंचित चमकणारी वाकडी रेघ. शेल राखाडी आणि निस्तेज असतो, कवच त्याहून गडद आणि गुळगुळीत. कधी एकापाठोपाठ एक अशा बारीक कमानी दिसतात, त्या धडाच्या खंडांच्या कडा. एल्ड्रेजिऑप्सच्या धडात असे ११ खंड असतात. कधी फक्त बारीक पुटकुळ्यांनी भरलेला एक फुगीर गोळा दिसतो, ते डोक्याचे मधले टेंगूळ. वाटाण्याएवढी ते सुपारीएवढी गोल गाठ फेकून देऊ नका, अंग मिटून घेतलेला प्राणी असू शकतो. १० पटींचे भिंग लावून बाजूला डोळा शोधा. उभ्या रांगांत बसवलेले मण्यांसारखे वेगवेगळे भिंगबिंदू दिसले की शंका संपली. (जीवाश्मशास्त्रज्ञ नाइल्स एल्ड्रेज यांनी या रांगाच मोजून, १८ होत्या त्या १७ कशा झाल्या हे दाखवले होते. एल्ड्रेजिऑप्स हे नाव त्यांच्यावरूनच आले.) नुसते डोके किंवा नुसती शेपटी मिळाली तर निराश होऊ नका. हे प्राणी कात टाकत, त्यामुळे एकाच प्राण्याचे अनेक सुटे भाग मागे राहत. पण सुटे भाग जिथे दाट, तिथे आख्खे मिळण्याची शक्यताही असते.

अवजारे. सुतारी हातोडी नको, तिचे पोलाद छिन्नीवर मारण्यासाठी नसते. एका टोकाला छिन्नीसारखी आडवी धार असलेला गवंडी हातोडा घ्या, साधारण ६०० ग्रॅमचा. सोबत ५ ते ७ सेंटीमीटर रुंद चपटी छिन्नी, एक बोटभर रुंदीची छिन्नी, छोटी पहार, जुनी बोथट सुरी आणि मऊ ब्रश. संरक्षक चष्म्याबद्दल वाद नको. हातोड्याच्या डोक्यावर दुसरा हातोडा कधीच मारू नये, पोलादाची कपची गोळीसारखी उडते.

फोडण्याची रीत अशी. पहारीने १० ते १५ सेंटीमीटर जाडीची लादी सुटी करा, जितकी रुंद निघेल तितकी बरी. ती कडेवर उभी करा. छिन्नी थराच्या रेघेत ठेवून हलके टोले द्या, मग दोन बोटे पुढे सरका, पुन्हा टोले, असे चारही बाजूंनी. चीर स्वतः पुढे गेली पाहिजे. एकच जोराचा घाव घातला की चीर थर सोडून तिरपी जाते आणि नेमकी जीवाश्मातून जाते. ताज्या, कडक खडकात हे जास्त होते, कारण तिथे कवच आणि शेल एकमेकांना घट्ट चिकटलेले असतात. एक-दोन हिवाळे खाल्लेली लादी कवचाच्या पृष्ठभागावरून आपसूक सुटते. म्हणून उघड्यावर पडलेल्या जुन्या लाद्या ताज्यांच्या आधी हाताळा. मात्र फार जुन्या, पिवळट झालेल्या लाद्यांत कवच विरघळून फक्त ठसा उरलेला असतो.

कवच दिसले की हात थांबवा. सुईने उकरून पूर्ण प्राणी तिथेच मोकळा करायचा मोह सगळ्यांना होतो, आणि निम्मे नमुने तिथेच जातात. जीवाश्माभोवती चार बोटे जागा सोडून लादी कापून घ्या. दोन्ही अर्धे ठेवा, कारण कवच अनेकदा ठशाच्या बाजूला चिकटून राहते. तुकडा सुटलाच तर पातळ सुपरग्लूचा एक थेंब चिरेत सोडा. वरून मात्र अजिबात लावू नका, तो थर नंतर काढणे कठीण जाते.

तुमचा भुगा झाला तो बहुधा यापुढच्या टप्प्यात. ओल्या उतारातून काढलेल्या शेलमध्ये पाणी असते. गाडीच्या काचेमागे उन्हात ठेवला की बाहेरचा भाग आधी आकसतो, आतला नाही, आणि पापुद्रे उडतात. ओलसर वर्तमानपत्रात गुंडाळून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्या. घरी पिशवीचे तोंड थोडेसे उघडे ठेवून सावलीत आठवडाभर सावकाश वाळू द्या. उलटही तितकेच खरे: पूर्ण वाळलेला शेल पाण्यात बुडवला तर तो कधी कधी चिखल होऊन बसतो. आधी रिकामी कपची बुडवून बघा. पूर्ण वाळल्यावर, आणि पूर्ण म्हणजे पूर्णच, पॅरालॉइड बी-७२ हे राळेसारखे द्रव्य ५ ग्रॅम घेऊन १०० मिलिलिटर अॅसिटोनमध्ये विरघळवा आणि ब्रशने पाजा. ओल राहिली तर पांढरट साय धरते. जास्त चमक आली तर अॅसिटोनने पुसता येते, आणि सुपरग्लूपेक्षा ते बरे ते याचसाठी. काम हवेशीर जागी, विस्तवापासून लांब.

सफाईला व्हिनेगर वापरू नका. ट्रायलोबाइटचे कवच कॅल्साइटचे, म्हणजे चुन्याच्याच खनिजाचे आहे, खडकातल्या चुन्याबरोबर तेही विरघळेल. भिंगाखाली सुई आणि ब्रश, एवढ्यावर बरेच काम होते. पुढे हवेच्या दाबाने भुकटी मारणारे यंत्र घेतलेत तर कमी दाबावर खाण्याच्या सोड्यापासून सुरुवात करा. डोलोमाइट भुकटी कॅल्साइटपेक्षा कठीण असते, ती घाई केली तर पुटकुळ्या गुळगुळीत करून टाकते.

पायराइटचे नमुने वेगळ्या डब्यात ठेवा. दमट हवेत पायराइटचे ऑक्सिडीकरण होऊन लोहाचे सल्फेट आणि सल्फ्यूरिक आम्ल बनते. पांढरी-पिवळी बुकटी आणि गंधकाचा वास आला की सुरू झाले समजा. ते आम्ल शेजारचे कॅल्साइटचे नमुने आणि कागदी चिठ्ठ्याही खाते. हवाबंद डबा, सिलिका जेल, आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली. वार्निश लावून हे थांबत नाही.

परवानगीचे थोडक्यात. पेन डिक्सीला प्रवेश शुल्क भरून सापडलेले घरी नेता येते. न्यू यॉर्कच्या सरकारी जमिनीवरून परवान्याशिवाय जीवाश्म उचलणे बेकायदा आहे, खाजगी जमिनीला मालकाची संमती हवी, आणि महामार्गाच्या कापातला खडक कितीही चांगला दिसला तरी तिथे गाडी थांबवू नये. ओहायोत सिल्व्हेनियाच्या फॉसिल पार्कमध्ये सिलिका नावाच्या शेलचे ढीग आणून टाकलेले असतात, पण तिथे अवजारे चालत नाहीत, हातानेच फोडायचे.

प्रत्येक पिशवीत जागेवरच चिठ्ठी टाका: ठिकाण, अक्षांश-रेखांश, कोणता थर, तारीख. पेन्सिलने लिहा, शाई ओल्या कागदात पसरते. घरी लादीच्या मागे पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर क्रमांक घाला आणि तोच क्रमांक वहीत. दोन्ही अर्ध्यांना एकच क्रमांक, पुढे अ आणि ब.