बंदरांचे आकडे वाचताना आधी एकक पाहा

सर्वात व्यस्त बंदर कोणतं, हे शोधण्याआधी मोजमाप कशाचं आहे ते बघा. कंटेनर टीईयूत मोजतात: २० फुटी म्हणजे एक, ४० फुटी म्हणजे दोन. या हिशेबात २०१० पासून शांघाय पहिलं. २०२४ मध्ये ५ कोटींच्या वर. टनांत मोजलं की चीनचंच निंगबो-झौशान पुढे जातं, कारण तिथे लोहखनिज, कोळसा, कच्चं तेलही उतरतं. ऑस्ट्रेलियाचं पोर्ट हेडलँड तर बहुतांशी लोहखनिजावर चालतं, म्हणून कंटेनरच्या यादीत ते शोधूच नका.

नवख्यांची हमखास चूक सिंगापूरबाबत होते. तिथे बहुतेक कंटेनर एका जहाजातून उतरून दुसऱ्यावर चढतात, आणि प्रत्येक उचल वेगळी मोजली जाते. शिवाय रिकामे कंटेनरही धरतात! त्यामुळे टीईयूवरून मालाचं वजन काढू नका.