शिमग्याच्या सुमाराला बेळगावकडे माउंटन बाइकच्या वाटा कशा असतात, आणि त्यांची डागडुजी कशी करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही बदली होऊन नुकतेच बेळगावात आलात, घराजवळच्या उद्यानातल्या टेकडीवर सायकलवाल्यांची कच्ची वाट आहे. फेब्रुवारी-मार्चात ती चालवण्याजोगी असते का, टायर कुठले लावावेत, आणि थंड देशांत वसंताच्या तोंडाला ट्रेल बंद ठेवतात तशी इथंही ठेवावी का? आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता, एक ओळ: "आमचे मित्र मुरूम टाकून वाट सारखी करू म्हणतात, कसं वाटतं?" ही ओळ नसती तर मी उत्तर लिहायला बसलेच नसते.

बंद ठेवण्याचं आधी उरकते. तिकडं थंडीत जमिनीतलं पाणी गोठतं. मार्चात वरचा थर वितळतो पण खालचा गोठलेलाच असतो, त्यामुळं पाणी खाली जिरायला वाटच नसते. अशा चिखलातून चाक गेलं की चाकोरी पडते, आणि माती वाळली की ती तशीच राहते. म्हणून ते बंद ठेवतात. आपल्याकडं त्यांचा मार्च जुलैत येतो. सायकल घरी ठेवायचीच असेल तर तेव्हा ठेवा. पण बेळगावात नेमकं उलट चालतं. जुलैत पावसात भिजल्याचे फोटो टाकायला म्हणून टेकडीवर गर्दी, आणि मार्चात वाट कोरडी ठणठणीत असताना "ऊन लागतंय" म्हणून कुणी फिरकत नाही.

मार्चात वाट टणक असते, पण तेवढ्यावर जाऊ नका. खानापूर-जांबोटीच्या बाजूला तांबडी माती आणि जांभा. माती पाण्यानं धुऊन गेली की जांभ्याचे बारीक गोल खडे तेवढे वर उरतात. टणक जमिनीवर सुटे गोल खडे म्हणजे वळणावर पुढचं चाक निसटणार हे ठरलेलंच. त्यावर अकेशियाचा पाला. आपल्याकडच्या रोपवनांत अकेशिया भरपूर, आणि त्याची विळ्यासारखी वाकडी, गुळगुळीत पानं एकावर एक पडून थर झाला की खाली दगड आहे का खड्डा ते दिसत नाही. पावसाळ्यात ज्यानं चिखलातून सायकल नेली किंवा म्हशी नेल्या, त्याचे सगळे ठसे आता पक्के वाळलेले असतात. सकाळी सातच्या आत जा. दंवानं वरची धूळ जरा बसलेली असते, पकड बरी मिळते. दहानंतर नुसता फुफाटा.

आता डागडुजी. माझं म्हणणं एकच आहे: मार्चात वाटेवरून काढायचं, वाटेवर घालायचं काही नाही. साठलेला पाला, सुटे दगड, कडेला चढलेली माती काढा. नवी माती, मुरूम, वाळू, विटांचे तुकडे यातलं काही घालू नका. कोरडी माती दबत नाही, नुसती पसरते. हे मी कुठंतरी वाचून सांगत नाही. याच मुद्द्यावर माझं आणि आमच्या ग्रुपमधल्या अण्णांचं जे वाजलं, ते अजून मिटलेलं नाही.

उद्यानाचं नाव मुद्दाम देत नाही, ओळखणारे ओळखतील. टेकडीला वळसा घालून जाणारी आमची वाट. सायकली आल्या तेव्हा ती गुरांची पायवाट होती, आम्ही तिला जरा रूप दिलं. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं, भातशेतीचं. बांध कुठं फोडायचा आणि पाणी कुठं वळवायचं हे बघतच मी वाढले. त्यामुळं भर पावसात छत्री आणि जुन्या साडीच्या चिंध्या घेऊन मी टेकडीवर जायचे. पाणी जिथं वाटेवर शिरतं तिथल्या झुडपाला लाल चिंधी, जिथून बाहेर पडू बघतं तिथं पिवळी. ग्रुपवर माझे फोटो फिरले, "ताईंनी नवस बोललाय" म्हणून. फिरू देत. दसरा-दिवाळीच्या दरम्यान जमिनीत ओल असते, कुदळ सहज जाते आणि धुम्मस मारला की माती बसते. तेव्हा त्या चिंध्या बघून आम्ही चौघा-पाचजणांनी पाणी वाटेबाहेर जायला उतार काढले.

उतार काढायचा म्हणजे चर खणायची नाही, इथं बहुतेकजण चुकतात. अरुंद आडव्या चरीत एका पावसात पाला अडकतो, पाणी वरून उडी मारून पुढं जातं, आणि सायकलस्वाराला दणका बसतो तो वेगळाच. दहा-बारा फुटांचा तुकडा निवडा. त्याची दरीकडची कड अर्धगोलात खरवडून बाहेर उतरती करा, मधोमध सगळ्यात जास्त, दोन्ही टोकांना हळूहळू शून्यावर. चेंडू ठेवला तर तो वाटेनं खाली न जाता कडेनं बाहेर पडला पाहिजे. निघालेली माती कडेला ठेवू नका, लांब फेका. चाकानं आणि पायानं माती दबून वाट मधे खोल होत जाते, बाहेरच्या कडेला वरंबा तयार होतो, आणि वरंबा झाला की वाट ही वाट राहत नाही, पाट होते. वरंबा मात्र मार्चातही कापता येतो. माती टाकूनच द्यायची आहे, ती दबते का नाही याच्याशी आपल्याला काय करायचंय?

वाट मुळात आखतानाच उतार सांभाळला असेल तर एवढा खटाटोप लागत नाही. इम्बा म्हणून सायकलवाल्यांची एक संघटना १९८८ साली अमेरिकेत स्थापन झाली. त्यांच्याकडं साधा नियम आहे: वाटेचा उतार टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. टेकडी शंभराला वीस असेल तर वाट शंभराला दहाच्या आत. त्याहून जास्त झाला की पाणी वाट ओलांडून जात नाही, वाटेनंच पळतं. अण्णांना हे सांगितलं तर म्हणाले, "तिकडचं तिकडं."

अण्णा माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे, रस्त्याची कंत्राटं घेणारे, मनानं दिलदार, आणि ग्रुपचे न निवडलेले अध्यक्ष. पाडव्याला त्यांनी मोठी राइड ठरवली, पाहुणे बोलावले. आठवडाभर आधी येऊन बघतात तर मी आणि दोन पोरं दाताळं घेऊन उतारांतला पाला काढत होतो. "काय खणायलीस गं? वाट वाकडी दिसायलीय सगळी. पाहुणे यायलेत, जरा सारखी करून घेऊया की." दुसऱ्या दिवशी दोन ट्रॉल्या मुरूम हजर. पोरांनी बुट्ट्या भरभरून पसरला, क्रिकेटच्या मैदानावरचा रोलर ओढत आणून फिरवला. आमचे सगळे उतार बुजले. वाट नव्या कोऱ्या गालिच्यागत दिसायला लागली हे कबूल आहे.

मी तेव्हाच विचारलं होतं, "अण्णा, रस्त्याच्या कामाला मुरूम पसरला की तुम्ही टँकरनं पाणी मारता ना? मग रोलर फिरवता. इथं पाणी कुठाय?" ते म्हणाले, "मार्चात पाणी कुठनं आणू, राकसकोपातनं?" राकसकोप म्हणजे बेळगावला पाणी पुरवणारं धरण. सगळे हसले आणि विषय संपला. मोठ्या माणसाला चारचौघांत किती बोलणार?

पाडव्याची राइड झाली. पुरी-भाजी, कुंदा, फोटो. त्यानंतर चैत्रातच एका संध्याकाळी गारांसकट वळीव आला. सकाळी जाऊन बघितलं तर मुरूम वाटेवर नव्हताच. तो सगळा खालच्या वळणावर, बांबूच्या बेटाशी, पंख्यासारखा पसरून पडला होता. उतार बुजलेले, म्हणजे पाण्याला बाहेर पडायला जागा नाही. ते वाटेच्या मधोमध पळालं आणि घोट्याएवढी ओघळ पाडून गेलं. कॉलेजची पोरं रविवारी तिथून उतरली, त्यातल्या एकाचं चाक मुरमाच्या ढिगात रुतलं आणि तो हँडलवरून पुढं गेला. कोपर आणि गुडघा सोलवटला, बाकी देवानं सांभाळलं. गणपती होईपर्यंत ती ओघळ गुडघाभर झाली, झाडांची मुळं उघडी पडली. वरचा तुकडा तर सोडूनच द्यावा लागला, आता वाट वळसा घेऊन जाते.

अण्णांना दाखवलं. बराच वेळ बघितलं त्यांनी, मग म्हणाले, "वळीवच जोराचा झाला यंदा. दोन ट्रॉल्या कमी पडल्या, चार पाहिजे होत्या."

यावर काय बोलायचं ते मला आजपर्यंत सुचलेलं नाही. चहाच्या टपरीवर विषय निघाला की ते अजून चार ट्रॉल्यांवर ठाम असतात. म्हणून तुमच्या मित्रांना माझ्याकडून विचारा: मुरूम कुठल्या महिन्यात, पाणी कोण मारणार, आणि निचऱ्याच्या जागा कुणी बघून ठेवल्यात? तिन्हीची उत्तरं असतील तर टाका. नसतील तर ते पैसे पाच-सहा कुदळी, दोन दाताळी आणि एका धुम्मसात घाला. खोटं वाटत असेल तर जुलैत त्यांना छत्री देऊन टेकडीवर पाठवा. अण्णा एकदाही आले नाहीत. आले असते तर वादच उरला नसता, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाल्याबद्दल एक. सगळीकडचा पाला झाडून काढू नका, फक्त वाटेवरचा, वळणांवरचा आणि उतारांतला काढा. बाकीचा जमिनीवर असू दे, पहिल्या पावसाचा मार तोच झेलतो. काढलेला ढीग लावून पेटवायचा तर विचारसुद्धा नको. हे वणव्याचे दिवस आहेत. वनखातं जाळरेषा काढतं ते उगाच नाही. आमच्याकडचा पाला गावातले शेतकरी भाताचा तरवा, म्हणजे रोपांचे वाफे, भाजायला घेऊन जातात, आम्हाला तेवढाच उचलायचा त्रास कमी.

टायरचं राहिलं. पुढं रुंद आणि जरा दातेरी टायर लावा, हवा रस्त्यापेक्षा कमी ठेवा, मागचं कसलंही चालतं. सराट्यांचे काटे या दिवसांत वाळून कडक झालेले असतात, बोरी-बाभळीचे वेगळे. म्हणून ट्यूबलेस घ्या. त्यातलं सीलंट, म्हणजे भोक आपोआप बुजवणारा द्रव, आपल्या उन्हात लवकर सुकतं, तेव्हा शिमग्याच्या आत एकदा उघडून बघा. कुठली कंपनी ते मला विचारू नका, दुकानदार सांगेल.

आणि हो, हे सगळं लिहिलं ते तांबड्या मातीपुरतं. येळ्ळूर-शहापूरच्या शिवारातली बासमतीची काळी जमीन, किंवा पूर्वेला बैलहोंगल-सौंदत्तीकडची काळी, तिथं हे हिशेब लागू नाहीत. काळ्या मातीला मार्चात भेगा पडतात, चाक सरळ आत अडकतं. वळीव पडून गेला की तीच माती टायरला अशी चिकटते की चाक फिरायचं थांबतं आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. पाऊस पडून गेल्यावर तांबडी वाट दुसऱ्या दिवशी चालवता येते. काळीला पूर्ण वाळू द्या.

दुसरं म्हणजे परवानगी. उद्यान कुणाच्या ताब्यात आहे ते आधी बघा, वनखात्याच्या जागेत विचारल्याशिवाय कुदळ मारू नका. अर्ज कन्नडमध्ये द्या, लवकर वाचला जातो. सीमाप्रश्न तिथल्या टेबलावर सुटणार नाही. आणि कुणी उत्साहात भीमगडकडं जाऊया म्हणालं तर ते २०११ पासून अभयारण्य आहे, परवानगीशिवाय सायकल आत न्यायची नाही. शिवाय त्या पट्ट्यात गवे आणि अस्वलं आहेत, आणि पहाटे सातच्या आत जा हा वर दिलेला सल्ला तिथं अजिबात पाळू नका.