शंका-समाधान : 'क' खरोखर घशातून निघतो का?

प्रश्न : मी नौपाड्यात राहते आणि निवृत्तीनंतर हौस म्हणून गझल शिकते आहे. 'ग़म' आणि 'ख़बर' हे शब्द माझ्या तोंडून मराठी वळणानेच येतात, अशी आमच्या शिक्षकांची तक्रार असून 'आणखी घशातून काढा' एवढेच ते सांगतात. क, ख, ग, घ हे कंठ्य वर्ण आहेत असे शाळेत शिकलो. मग घशाच्याही मागे जायचे ते कुठे?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : घोळ 'कंठ्य' या नावातच आहे. 'अकुहविसर्जनीयानां कण्ठः' हे वचन अ, कवर्ग, ह आणि विसर्ग यांना एकाच स्थानी बसवते; त्यांपैकी खरोखर कंठात घडणारे वर्ण म्हणजे ह आणि विसर्ग. 'क' म्हणताना जिभेची मागची बाजू उचलली जाऊन टाळूच्या मऊ भागाला टेकते, हवा क्षणभर अडते आणि जीभ सुटताच बाहेर पडते. जुन्यांना हे ठाऊक नव्हते असे नाही, कारण पाणिनीय शिक्षा या उच्चारांवरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात 'जिह्वामूले तु कुः प्रोक्तः', म्हणजे कवर्गाचे स्थान जिभेच्या मुळाशी, असे स्पष्टच म्हटले आहे. शाळेत मात्र पहिले वचन रुजले. पडताळून पाहायचे असेल तर जिभेचे टोक बोटाने खाली दाबून धरा आणि 'काका' म्हणा. ते जमेल, 'तात्या' जमणार नाही. पाठोपाठ 'की' आणि 'कू' म्हणून पाहिल्यास जीभ 'की'ला पुढे आणि 'कू'ला बरीच मागे टेकते, हेही जाणवेल.

आता ग़ आणि ख़. आपल्या शिक्षकांचा कान बरोबर आहे, पण त्यांची सूचना अपुरी आहे, असे मला वाटते. मराठी ख आणि ग मध्ये हवा पूर्ण अडते, तर ख़ आणि ग़ मध्ये जीभ टाळूच्या जवळ जाते पण टेकत नाही, आणि उरलेल्या फटीतून हवा घासत जाते. म्हणजे खोल जाण्यापेक्षा न टेकणे महत्त्वाचे. घसा खाकरताना सुरुवातीला जो खरखरीत आवाज येतो, तो हलक्याने लांबवला की ख़ सापडतो. त्यातच आवाजाचा कंप मिसळला की ग़ होतो. 'गझल' या शब्दाचे मूळ पहिले अक्षरही हेच, त्यामुळे सरावाला शब्द शोधावा लागणार नाही.

खरोखर मागे जावे लागते ते उर्दूतल्या क़ (नुक्ता असलेल्या क) साठी. तिथे जीभ पडजिभेपाशी टेकते, आणि हवा मात्र 'क'प्रमाणे पूर्ण अडते. मराठीने 'कायदा', 'किल्ला', 'कलम', 'हक्क' हे शब्द घेतले, पण त्यांतला हा वर्ण आपल्या 'क'मध्ये मुरवून टाकला. 'गरीब' आणि 'बाग' यांतल्या ग़ चेही तेच झाले. गंमत म्हणजे 'वक़्त'चा आपल्याकडे 'वखत' झाला, आणि दखनी उर्दूतही क़ चा ख़ होतो. उलट 'बख़्शिश'मधला ख़ मराठीत 'बक्षीस' होताना क झाला. तेव्हा ठाणे-मुंब्रा लोकलमध्ये कानावर पडणाऱ्या रोजच्या उर्दूत प्रत्येक क़ नेमका पडजिभेपाशीच ऐकू येईल, अशी अपेक्षा ठेवू नका. सरावासाठी जाणकाराने वाचलेला शेर पुन्हा पुन्हा ऐकणे अधिक उपयोगी पडेल.