लहानपणापासूनच्या बास्केटबॉल संघावरून मन उडालं, तर ती गद्दारी ठरते का?

नाही, ठरत नाही. तुम्ही लिहिलंय की शाळेत असल्यापासून एनबीएतला, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला, एकच संघ तुमचा होता. ज्यांच्यासाठी सामने बघायचात ते खेळाडू एकेक करून गेले, मालक बदलले, आणि आता दुसऱ्याच एका संघाचे सामने लावावेसे वाटतात. लावले की अपराधी वाटतं, आणि मित्र संधिसाधू म्हणतात. मित्रांचं सोडा. पण ते अपराधी वाटणं झटकून टाकू नका, त्याच्याकडे नीट बघा. आपण इतकी वर्षं नेमके कोणाचे होतो, हे त्यातूनच कळतं. मला ते कळलं माझा संघच नकाशावरून पुसला गेला तेव्हा.

माझा संघ सिएटल सुपरसॉनिक्स. 1996 ची फायनल ही मी पाहिलेली पहिली फायनल. समोर शिकागो बुल्स, साखळीतल्या 82 पैकी 72 सामने जिंकून आलेले. जॉर्डन, पिपेन, रॉडमन. घरात सगळे बुल्सचे. जॉर्डनच्या प्रत्येक बास्केटला माझा आतेभाऊ उडी मारून उठायचा, आणि मी हट्टाने हिरव्या जर्सीवाल्यांच्या बाजूने बसायचे. जो आधी चार सामने जिंकेल त्याची फायनल. पहिले तीन बुल्सने घेतले. चौथ्या सामन्यात सिएटलचे प्रशिक्षक जॉर्ज कार्ल यांनी गॅरी पेटनला जॉर्डनवर लावलं, आणि तो सामना मी अजून विसरलेले नाही. पेटन त्या वर्षीचा सर्वोत्तम बचावपटू होता. पॉइंट गार्डला, म्हणजे चेंडू घेऊन हल्ला रचणाऱ्या खेळाडूला, हा मान त्याआधी कधीच मिळाला नव्हता. गुडघ्यांत वाकलेला, एक हात जॉर्डनच्या कमरेशी, दुसरा चेंडूच्या वाटेत, आणि तोंड अखंड चालू. जॉर्डन वळला की हा वळायचा. जॉर्डनने पास दिला तरी हा त्याला सोडायचा नाही. 107-86. जॉर्डनचे 23 पॉइंट, तोपर्यंतच्या त्याच्या फायनलमधल्या सामन्यांतले सगळ्यात कमी. पाचवा सामनाही सिएटलने 89-78 असा काढला.

सहाव्यात संपलं, बुल्स 87-75 ने जिंकले. त्याही दिवशी जॉर्डनचे 19 पैकी 14 नेम चुकले होते, पण चुकलेला चेंडू रॉडमन पुन्हा पुन्हा ओढून आणत होता. विरोधी बास्केटखालचे 11 रिबाउंड त्याने एकट्याने घेतले. आतेभाऊ नाचला. मी सिएटलची झाले ती त्याच दिवशी, हरलेल्या संघाची.

त्यानंतरची वर्षं उतरणीची होती. बहुतेक चाहत्यांची निष्ठा मोडते ती अशाच वर्षांत, एका मोठ्या धक्क्याने नाही. शॉन केम्प हा माझा दुसरा लाडका. पेटनने बास्केटच्या वर हवेत नुसता चेंडू भिरकावावा आणि केम्पने कुठूनतरी येऊन तो दोन्ही हातांनी आत ठोकावा, हे त्या दोघांचं नेहमीचं. 1997 मध्ये तो क्लीव्हलंडला गेला. मी काही दिवस क्लीव्हलंडचे निकाल बघितले, मग आपोआप बंद झाले. 2003 मध्ये पेटनलाही मिलवॉकीला पाठवलं आणि त्याच्या बदल्यात रे ॲलन आला. खेळाडूंमागेच जायचं असतं तर मी तेव्हा मिलवॉकीची व्हायला हवी होते. पण निकालांच्या पानावर माझे डोळे आधी सिएटलच शोधायचे. रे ॲलन माझा झाला, कारण तो सिएटलकडून खेळत होता. 2005 मध्ये त्या संघाने 52 सामने जिंकले आणि प्लेऑफच्या, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांच्या, दुसऱ्या टप्प्यात सॅन अँटोनियोकडून हरला, तेव्हा मला 1996 इतकंच वाईट वाटलं. त्या संघात 1996 चा एकही खेळाडू उरला नव्हता.

म्हणून सांगते, आवडते खेळाडू गेल्यावर थोडं मन उडणं अगदी साहजिक आहे. एवढ्यावरून काही ठरवू नका. एक-दोन मोसम जाऊ द्या. नवे चेहरे ओळखीचे होतात, आणि कधीकधी संघ परत आपला होतो.

पण तुम्ही मालकांबद्दलही लिहिलंय, आणि माझ्या मते खरं दुखणं तिथे आहे.

2006 मध्ये तेव्हाचे मालक हॉवर्ड शुल्ट्झ यांच्या गटाने सॉनिक्स (सुपरसॉनिक्सला सगळे असंच म्हणायचे) ओक्लाहोमा सिटीच्या क्ले बेनेट यांच्या गटाला 35 कोटी डॉलरला विकला. नव्या मालकांनी सांगितलं की आम्ही सिएटलमध्येच राहायचा प्रामाणिक प्रयत्न करू. मग रेंटन या उपनगरात 50 कोटी डॉलरच्या नव्या स्टेडियमची मागणी आली, त्यातला मोठा वाटा जनतेच्या पैशातून. विधिमंडळाने नकार दिला. पुढे कोर्टकचेरीत मालकांचे आपापसातले ईमेल बाहेर आले आणि गाव बदलायची त्यांची घाई जगाने वाचली. एप्रिल 2008 मध्ये लीगमधल्या संघांच्या मालकांनी 28 विरुद्ध 2 मतांनी स्थलांतराला मंजुरी दिली. विरोधात होते फक्त डॅलस आणि पोर्टलंड. जुन्या स्टेडियमचा करार 2010 पर्यंत होता. तो 2 जुलै 2008 ला साडेचार कोटी डॉलर मोजून सोडवून घेतला. 41 मोसम आणि 1979 चं विजेतेपद असलेला संघ असा गेला.

सिएटलमधला शेवटचा सामना 13 एप्रिल 2008 ला झाला, डॅलसविरुद्ध. संघ अगदी वाईट होता, त्या मोसमात 82 पैकी 62 हरलेला. पण स्टेडियम भरलेलं होतं आणि लोक 'सेव्ह अवर सॉनिक्स' ओरडत होते. पहिल्याच मोसमात असलेला केविन ड्युरँट हात वर करून त्या गर्दीला आणखी आवाज करायला सांगत होता. 99-95 ने जिंकले. तो आवाज ऐकत असताना मला स्वच्छ कळलं की मी ह्यांची आहे. ह्या माणसांची, ह्या आवाजाची. कागदावर ज्याच्या मालकीचा संघ आहे, त्याची नाही.

पुढच्या मोसमात तोच संघ ओक्लाहोमा सिटी थंडर या नावाने खेळायला लागला. ड्युरँट तोच. रसेल वेस्टब्रूकला तर सिएटलनेच ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, घेतलं होतं, स्थलांतर पक्कं होण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी. लीगच्या नोंदीत थंडर म्हणजे सॉनिक्सचाच पुढचा भाग. माझ्या ओळखीतले सॉनिक्सचे काही चाहते ड्युरँटसाठी थंडरकडे गेले, आणि त्यांना मी कधीच दोष दिला नाही. त्यांचा जीव त्या पोरात गुंतला होता, तो जिथे गेला तिथे ते गेले. माझा जीव तिथे नव्हता. 2012 मध्ये थंडर फायनलला पोहोचले तेव्हा मी एकही सामना लावला नाही. ओक्लाहोमाच्या लोकांवर राग नव्हता. कत्रिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सचा संघ दोन मोसम त्यांच्याकडे खेळला होता, तेव्हा त्यांनी स्टेडियम भरून दाखवलं होतं. त्यांना संघ मिळायलाच हवा होता, फक्त आमचा नको होता.

आता तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येते, नव्या संघाकडे. मला नवा संघ मिळाला तो जुन्याच घरात. बेनेट यांच्या गटाने सॉनिक्सबरोबर सिएटल स्टॉर्म हा डब्ल्यूएनबीएचा, म्हणजे महिलांच्या लीगचा, संघही घेतला होता. 2008 च्या सुरुवातीला सिएटलमधल्याच काही स्त्रियांनी एक कोटी डॉलर घालून स्टॉर्म परत विकत घेतला आणि गावातच ठेवला. त्याच स्टेडियममध्ये. मी आधी नुसत्या कृतज्ञतेपोटी त्यांचे निकाल बघायला लागले. खोटं कशाला सांगू, महिलांचं बास्केटबॉल त्याआधी मी फारसं बघितलं नव्हतं. 2010 मध्ये लॉरेन जॅक्सनच्या स्टॉर्मने घरच्या मैदानावर मोसमभर एकही सामना गमावला नाही, प्लेऑफचे सातच्या सात जिंकून विजेतेपद घेतलं, आणि माझ्या कृतज्ञतेचं कधी वेडात रूपांतर झालं ते कळलंच नाही.

त्या वेडाचा कळस 2018 च्या उपांत्य फेरीत आला. समोर फिनिक्स, मालिका 2-2. चौथ्या सामन्यात स्टॉर्मच्या सू बर्डचं नाक मोडलं. पाचव्याला ती तोंडावर पारदर्शक मुखवटा बांधून आली, वय 37. तीन क्वार्टर रखडल्यासारखे गेले आणि चौथ्यात तिने खेळ हातात घेतला. जरा जागा मिळाली की थांबून शॉट, पुढच्या वेळी तीन पॉइंटच्या रेषेबाहेरून, पुन्हा तिथूनच. तिच्या 22 पॉइंटपैकी 14 त्या एका क्वार्टरमधले. 94-84. मी घरात एकटी उभी राहून टाळ्या वाजवत होते. पेटनने जॉर्डनला जखडलं होतं तेव्हा पोटात जे झालं होतं, तेच पुन्हा झालं. 2002 ते 2022, सू बर्ड एकाच शहराकडून खेळली. स्टॉर्मची चार विजेतेपदं आहेत: 2004, 2010, 2018 आणि 2020. सिएटलचं बास्केटबॉल 2008 ला संपलं असं कोणी म्हटलं की मला आजही राग येतो.

थंडरवरचा माझा राग मात्र हळूहळू विरला. ऑक्टोबर 2018 मध्ये, ते जुनं स्टेडियम नव्याने बांधायला बंद होण्याआधी, तिथे गोल्डन स्टेट आणि सॅक्रामेंटो यांचा सरावाचा सामना झाला. ड्युरँट तोवर ओक्लाहोमाही सोडून गोल्डन स्टेटकडून खेळत होता. खेळाडूंची नावं पुकारली जात असताना तो मैदानात आला तो शॉन केम्पची 40 नंबरची सॉनिक्सची जर्सी घालून. स्टेडियमभर जो कल्लोळ झाला तो पाहून मला वाटलं, ह्या मुलाने आपल्याला सोडलं नव्हतं, त्याला उचलून नेलं होतं. आणि जून 2025 मध्ये थंडरने इंडियानाला फायनलच्या सातव्या सामन्यात 103-91 ने हरवलं, तो सामना मी पूर्ण बघितला. थंडरच्या शाय गिल्जस-अलेक्झांडरचा खेळ कोणालाही आवडेल असाच आहे: घाई नाही, थांबत, रोखत, बचावपटूला आधी उडवून मग शांतपणे टाकलेला चेंडू. लीगच्या हिशोबात ते त्या फ्रँचायझीचं दुसरं विजेतेपद, 1979 धरून. मी दोन्ही एकत्र मोजत नाही, कधी मोजणारही नाही. पण त्यांनी ते सुंदर खेळून मिळवलं, एवढं मोकळेपणी म्हणता आलं, याचं मला बरं वाटलं.

तुमच्याबाबतीत मी काय करेन? मालकांनी पैसे वाचवायला संघ मोडला असेल, वर्षानुवर्षं जिंकायचा प्रयत्नच करत नसतील, तर सामने बंद करा. अजिबात अपराधी वाटून घेऊ नका. चाहत्याकडून ते निष्ठा मागतात, तर त्यांच्याकडूनही काहीतरी मागायचा आपला हक्क आहे. एखादा खेळाडू आवडतो म्हणून त्याच्यामागे जायचं असेल तर बिनधास्त जा, फक्त तो पुन्हा संघ बदलेल हे धरून चला. आणि नवा संघ निवडताना यंदा कोण जिंकतंय एवढंच बघू नका. एखादा मोसम त्यांचे हरलेले सामने बघा. चौथ्या क्वार्टरमध्ये 20 पॉइंटने मागे असलेल्या संघाचा सामना शेवटपर्यंत बघवला, तर तो तुमचा झाला म्हणायला हरकत नाही.

जुन्या संघाची जर्सी मात्र फेकू नका, आणि नव्या मित्रांसमोर त्याची टिंगल करू नका. ते आधीचं प्रेम खोटं नव्हतं. माझ्याकडे पेटनची 20 नंबरची जर्सी अजून आहे.

सॉनिक्स हे नाव आणि ते रंग 2008 च्या तडजोडीत सिएटलसाठी राखून ठेवलेले आहेत, आणि तिथे पुन्हा एनबीएचा संघ आणायची चर्चा बरीच वर्षं चालू आहे. आला तर मी पहिल्या सामन्यापासून त्यांची, कितीही हरले तरी. स्टॉर्मचा सामना त्याच दिवशी असेल तर आधी स्टॉर्मचा बघेन.