मुंबईच्या पावसात घरात अडकलोय, बर्फात अडकलेल्या अमेरिकन होमस्टेडवाल्यांचे (स्वतःच्या जमिनीवर घर करून, स्वतःपुरतं पिकवून राहणाऱ्यांचे) व्हिडिओ बघून कोकणात जाऊन शेती करावीशी वाटतेय. नोकरदार माणसाला जमेल का?

जमेल, पण पावसात बसून ठरवू नका. रेड अलर्ट लागलाय, सायन-कुर्ल्याला ट्रॅकवर पाणी, खिडकीतून समोरच्या बिल्डिंगची शेवाळलेली भिंत आणि मोबाईलवर कुणीतरी बाहेर बर्फ पडत असताना चुलीवर घरच्या कोंबडीची अंडी तळतंय, अशा वेळी राजीनामा टाकावासा कोणालाही वाटेल. मला दर जुलैत वाटतं. मी राहतो मुलुंडला, गाव संगमेश्वर तालुक्यात, तिथे घरचे काजू आहेत, त्यामुळे थोडंफार सांगू शकतो.

आधी कायद्याचं बघा. अमेरिकेत 1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकर जमीन जवळपास फुकट मिळायची, अट काय तर पाच वर्षं तिथे राहा आणि जमीन कसा (ती मूळ कुणाची होती हे व्हिडिओवाले सांगत नाहीत, असो). आपल्याकडे उलटं, शेतजमीन घ्यायला तुम्ही आधीच शेतकरी असावं लागतं, कूळकायद्याचं कलम 63. नसाल तर कलेक्टरची परवानगी. एजंट म्हणतो "होऊन जाईल साहेब", पण झालं नाही तर तो फोन उचलत नाही.

म्हणून नवीन जमीन शोधायच्या आधी स्वतःच्या गावचा सातबारा काढा, डिजिटल सहीचा ऑनलाइन 15 रुपयांत मिळतो. आता कोकणातला सातबारा म्हणजे काय, तर त्यावर आजोबा, त्यांचे भाऊ, वारलेले काका, लग्न होऊन गेलेल्या आत्या, त्यांची मुलं, त्यातला एक बडोद्याला आणि एकाचा पत्ताच नाही, आणि सगळं सामाईक. वारस नोंदी लावून, वाटप करून स्वतःच्या नावाचा वेगळा तुकडा हातात येईपर्यंत माणूस शेतीपेक्षा नात्यांची मशागत जास्त करतो. कंटाळवाणं आहे पण हे टाळून झाडांची कलमं लावली आणि ती फळ धरायला लागली की बरोबर तेव्हाच सगळ्यांना हिस्सा आठवतो.

दुसरं पाणी. जमीन मे महिन्यातच बघायची, दुपारी. जुलैत सगळं कोकण हिरवंगार आणि जिकडेतिकडे पऱ्हे वाहतायत, पण आपला जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही, तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्यांवर टँकर येतो. विहिरीत वाकून बघा, शेजाऱ्याला विचारा, आणि गाडी आत जाते का, वाट नकाशावर आहे का तेही बघा.

नोकरी सांभाळून करायचं असेल तर माझं मत काजू. वेंगुर्ला-4 किंवा 7 या जातींची कलमं तिसऱ्या वर्षापासून धरायला लागतात, हापूसला जास्त थांबावं लागतं आणि तोही एक वर्ष देतो एक वर्ष रुसतो. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची माणसं नीट सांगतात, आधी तिथे जाऊन या. भाजीपाला, कोंबड्या, शेळ्या या गोष्टी तिथे रोज राहणाऱ्याच्या, शनिवार-रविवारच्या नाहीत. माकडं आणि रानडुकरं तर तुमच्या सुट्टीची वाट बघत नाहीतच. गडगा (दगड रचून केलेली भिंत) आणि कुंपणाचा खर्च कलमांपेक्षा जास्त होतो हे लिहून ठेवा, आणि उन्हाळ्याआधी गवत काढून जाळपट्टा केला नाही तर एका वणव्यात सगळं जातं.

राजीनामा मात्र आत्ता नको, झाडं स्वतःचा खर्च काढायला लागली की बघू. गणपतीला गावी जाणार असालच तर काकांजवळ वारस नोंदीचा विषय काढा, फक्त चतुर्थीच्या दिवशी नको, विसर्जन झाल्यावर.