वाचकांचे प्रश्न : बारोलोच्या टेकड्यांमध्ये चार रात्री

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये आम्ही पती-पत्नी म्युनिकला मुलीकडे तीन आठवडे राहणार आहोत. त्यातील पाच रात्री काढून इटलीतील वाइनचा प्रदेश पाहण्याचा विचार आहे. पीडमाँटमधील बारोलो, टस्कनीतील कियांती आणि व्हेनिसजवळचा प्रोसेक्कोचा भाग असे तिन्ही प्रदेश भाड्याच्या गाडीने पाहता येतील का? नाशिकच्या वाइनरी आम्ही पाहिल्या आहेत. त्यापलीकडे या विषयाची फारशी माहिती नाही. – एक वाचक, ठाणे

उत्तर : तीनपैकी दोन प्रदेश वगळावेत, असे सुरुवातीलाच स्पष्टपणे सांगतो. बारोलोच्या परिसरातून कियांतीला पोहोचायला गाडीने चार तासांहून अधिक वेळ लागतो आणि तिथून प्रोसेक्कोच्या टेकड्या आणखी साडेतीन-चार तासांवर आहेत. त्यामुळे पाच रात्रींतील दोन दिवस महामार्गावर जातील, तीन वेळा सामान बांधावे लागेल आणि प्रत्येक ठिकाणी जेमतेम एखादे वाइनचे तळघर पाहून निघावे लागेल. तुम्ही पीडमाँटमधील लांगे हाच टेकड्यांचा पट्टा निवडावा, तिथे एकाच ठिकाणी चार रात्री मुक्काम करावा आणि पाचवी रात्र जाताना किंवा येताना तोरिनो (ट्युरिन) शहरासाठी ठेवावी. कियांतीचे निसर्गसौंदर्य कमी आहे असे नाही. पण टस्कनीत गेल्यावर फ्लोरेन्स आणि सिएना टाळणे कोणालाच जमत नाही आणि मग वाइन मागे पडते. लांगेमध्ये माणसे मुख्यतः खाण्यापिण्यासाठीच जातात.

या पट्ट्याचे दुसरे सोयीचे वैशिष्ट्य म्हणजे त्याचा आटोपशीरपणा. बारोलो ही वाइन फक्त अकरा गावांच्या हद्दीत पिकलेल्या नेब्बिओलो जातीच्या द्राक्षांपासूनच करता येते आणि ही सारी गावे आल्बा या तानारो नदीकाठच्या शहरापासून गाडीने साधारण अर्ध्या तासाच्या आत आहेत. बार्बारेस्को, नेइवे आणि त्रेइझो ही बार्बारेस्को वाइनची गावे आल्ब्याच्या दुसऱ्या अंगाला, त्याहूनही जवळ आहेत. लांगे, रोएरो आणि मोन्फेर्रातो येथील द्राक्षबागांच्या भूप्रदेशाला 2014 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले. अर्थात बागा हा तिथल्या शेतकऱ्यांचा रोजचा व्यवसाय आहे, याचे भान ठेवून बांधावरून चालावे आणि घड तोडू नयेत.

मुक्काम कुठे करावा याचे उत्तर गाडी चालवणार की नाही, यावर अवलंबून आहे. गाडी घेणार असाल, तर ला मोर्रा किंवा मोन्फोर्ते दाल्बा यांसारख्या गावाजवळ आग्रितुरिस्मो, म्हणजे शेतकऱ्याच्याच घरी किंवा शेतावर असलेली निवासव्यवस्था, निवडावी. घेणार नसाल, तर आल्ब्यातच राहावे. तोरिनोहून आल्ब्याला रेल्वे येते, स्थानकातून जुन्या गावात चालत जाता येते आणि रात्रीच्या जेवणासाठी वाहन लागत नाही. गावांकडे जाणाऱ्या बस मात्र मोजक्याच असतात, रविवारी तर त्यांच्यावर विसंबूच नये. टॅक्सी रस्त्यावर हात दाखवून मिळत नाही. ती आदल्या दिवशी ठरवावी लागते.

माझे मत गाडी न चालवण्याकडे झुकते. भारतीय परवान्याबरोबर आरटीओने दिलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो, स्टिअरिंग डावीकडे असते, गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची असते आणि भाड्याच्या बऱ्याच गाड्यांना हाताने बदलायचे गिअर असतात. त्यातच ऑक्टोबरमध्ये सकाळच्या धुक्यात टेकड्यांवरचे अरुंद वळणांचे रस्ते. रक्तातील अल्कोहोलची इटलीतील मर्यादा लिटरमागे 0.5 ग्रॅम आहे. ती आपल्याकडील मर्यादेहून सैल दिसत असली, तरी दोन तळघरांत पाच-पाच नमुने चाखल्यावर ती ओलांडणे अवघड नाही. परवाना मिळून तीन वर्षे झाली नसतील, तर मर्यादा शून्यच आहे. शिवाय जुन्या गावांच्या मध्यभागी मर्यादित वाहतुकीचे क्षेत्र असते. तिथे परवानगीविना शिरलेल्या गाडीची नोंद कॅमेरा घेतो आणि दंडाची सूचना कित्येक महिन्यांनी घरी येते. म्हणून दोन दिवसांसाठी चालकासह गाडी ठरवावी आणि उरलेले दोन दिवस पायी, बसने किंवा रेल्वेने फिरावे. खर्च वाढेल, पण दोघांनाही निवांतपणे चव घेता येईल.

आता दिवसांची आखणी. एका दिवशी दोन तळघरे, एक सकाळी साडेदहाच्या सुमारास आणि एक दुपारी साडेतीनला, याहून अधिक भेटी ठरवू नयेत, कारण नेब्बिओलोच्या वाइनमधील तुरटपणा जिभेवर साचत जातो आणि तिसऱ्या ठिकाणी सगळ्याच वाइन सारख्या लागू लागतात. पहिल्या दिवशी ही दोन तळघरे एकाच गावात घेण्याऐवजी खोऱ्याच्या दोन बाजूंना घ्यावीत. पश्चिमेकडील ला मोर्रा आणि बारोलो गावच्या बऱ्याच भागात माती तुलनेने नव्या भूस्तराची, निळसर चिकणमातीची आहे; तिथली वाइन सहसा अधिक सुगंधी असते आणि लवकर खुलते. पूर्वेकडील सेर्रालुंगा दाल्बाचा भूस्तर अधिक जुना आहे आणि तिथली वाइन घट्ट बांध्याची, दीर्घकाळ ठेवण्याजोगी असते. सकाळी एका बाजूची आणि दुपारी दुसऱ्या बाजूची वाइन चाखली, की अवघ्या काही किलोमीटरच्या अंतराने एकाच द्राक्षात पडणारा फरक नवख्या माणसालाही कळतो. चाखलेली वाइन पिकदाणीत थुंकणे तिथे असभ्य मानले जात नाही. व्यावसायिक मंडळी तेच करतात.

दुसऱ्या दिवशी बार्बारेस्कोकडे जावे. बारोलो बाजारात येण्यापूर्वी किमान 38 महिने मुरवावी लागते आणि त्यातील 18 महिने लाकडी पिंपांत. बार्बारेस्कोसाठी हीच अट 26 आणि 9 महिन्यांची आहे. त्यामुळे बार्बारेस्को तरुण वयातही थोडी मवाळ लागते. नेइवेच्या जुन्या गावासाठी दोन तास राखून ठेवावेत.

तिसरा दिवस पायी चालण्याचा. ला मोर्राच्या गच्चीसारख्या चौकातून साऱ्या टेकड्या नजरेत येतात आणि तिथून बागांमधून उतरत बारोलो गावापर्यंत जाता येते. अंतर चार-पाच किलोमीटर असेल. वाटेतील ब्रुनाते या बागेत 1914 मध्ये शेतमजुरांच्या आसऱ्यासाठी बांधलेली एक छोटी वास्तू आहे. ती प्रार्थनामंदिरासारखी दिसते. परंतु तिथे कधी प्रार्थनाविधी झालेला नाही. सोल लेविट आणि डेव्हिड ट्रेमलेट या चित्रकारांनी 1999 मध्ये ती आतून-बाहेरून भडक रंगांत रंगवली. बारोलोच्या किल्ल्यात वाइनचे संग्रहालय आहे. वेळ उरल्यास ग्रिन्झाने कावूरचा किल्ला पाहावा. इटलीच्या एकीकरणातील मुत्सद्दी कामिल्लो कावूर तरुणपणी या गावचा महापौर होता.

चौथ्या दिवशी वाइनला सुट्टी द्यावी आणि रेल्वेने ब्रा या गावी जावे. कार्लो पेत्रिनी यांनी उभी केलेली, फास्ट फूडऐवजी स्थानिक आणि पारंपरिक अन्नाचा आग्रह धरणारी स्लो फूड चळवळ इथलीच. शेजारच्या पोल्लेन्झोमध्ये 2004 पासून अन्नशास्त्राचे विद्यापीठ चालते.

ऑक्टोबर हा महिना देखणा असला, तरी त्याच्या दोन अडचणी आहेत. आपल्याकडे ऑक्टोबर छाटणीची लगबग असते आणि द्राक्षे जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात. तिथे मात्र नेब्बिओलोची तोडणी सप्टेंबरअखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालते. त्या दिवसांत लहान वाइनरीतील सारे कुटुंब कामात असते आणि पाहुण्यांना वेळ देता येईलच असे नाही. दुसरी अडचण म्हणजे आल्ब्यातील पांढऱ्या ट्रफलचा, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या सुगंधी आणि महागड्या बुरशीचा मेळा. त्याच्या शनिवार-रविवारी खोल्या महाग होतात आणि मिळतही नाहीत. म्हणून महिन्याच्या उत्तरार्धातील सोमवार ते शुक्रवार निवडावा, मुक्काम काही महिने आधी ठरवावा आणि तळघरांच्या भेटी ईमेलने निश्चित कराव्यात. पूर्वसूचना न देता दार ठोठावण्याची तिथे पद्धत नाही आणि चव घेण्याचे शुल्क बहुतेक ठिकाणी असते.

व्हिसाबाबत इतकेच, की तुमचा अधिक मुक्काम जर्मनीत असल्याने शेंगेन व्हिसासाठी अर्ज जर्मनीकडे करावा लागेल. इटलीतील रात्रींचे आरक्षण त्याच कार्यक्रमपत्रिकेत दाखवावे.

प्रश्न : आमच्यासोबत सासूबाई येणार आहेत. त्या मांस, मासे आणि अंडी खात नाहीत. पीडमाँटमध्ये त्यांच्या जेवणाचे कसे होईल? – एक वाचक, पुणे

उत्तर : मांसमासे वर्ज्य असणे तिथे निभावते, अंडे वर्ज्य असेल, तर तयारी करूनच जावे. तायारीन नावाच्या तिथल्या बारीक शेवयांमध्ये अंड्यांचा बलक भरपूर असतो, आन्योलोत्ती देल प्लिन या चिमटीने मिटलेल्या छोट्या पुरचुंड्यांत बहुधा मांसाचे सारण असते आणि भाज्यांसोबत येणाऱ्या बान्या काउदा या गरम चटणीत अँचोव्ही मासे असतात. रिझोत्तो भाताचा असला, तरी तो मांसाच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. म्हणून भाजीच्या पाण्यात केला आहे का, हे विचारावे. गोड पदार्थांतही बोनेत अंड्याचा आणि पान्ना कोत्ता प्राणिजन्य जिलेटिनने जमवलेला असतो. इटलीतील बहुतेक पारंपरिक चीज वासराच्या रेनेटने, म्हणजे त्याच्या जठरातून काढलेल्या विरजणासारख्या पदार्थाने केली जातात, ही गोष्ट सासूबाईंना आधीच सांगावी आणि निर्णय त्यांच्यावर सोडावा.

मक्याच्या रव्याचा पोलेंता, भाजलेल्या ढोबळी मिरच्या, कोशिंबिरी आणि ताजा पाव यांवर दुपारचे जेवण होईल. रात्रीसाठी स्वयंपाकघर असलेली जागाच घ्यावी, असा माझा आग्रह आहे. तांदूळ तिथे उत्तम मिळतो, कारण पीडमाँटमध्येच व्हेरचेल्लीच्या आसपास भाताची मोठी शेती आहे, आणि आल्ब्याच्या शनिवारच्या बाजारात भाजी ताजी असते. डाळ आणि मसाला घरून न्यावा. तूप आणि इतर दुग्धजन्य पदार्थ मात्र नेऊ नयेत, कारण युरोपीय संघात प्रवाशांना ते बाहेरून आणण्यास मनाई आहे.

प्रश्न : बारोलोच्या किती बाटल्या आणता येतील आणि त्या घरी किती वर्षे ठेवता येतील? – एक वाचक, नाशिक

उत्तर : प्रत्येक प्रवाशाला दोन लिटरपर्यंतचे मद्य किंवा वाइन शुल्कमुक्त आणता येते आणि दोघांची सवलत एकत्र करता येत नाही. त्यामुळे 750 मिलीलिटरच्या दोन बाटल्या आणि हवी असल्यास एक अर्धी बाटली, असा माणशी हिशेब धरावा. बाटल्या कपड्यांत गुंडाळून चेक-इन सामानातच ठेवाव्यात.

किती वर्षे ठेवाव्यात, हे वाइनपेक्षा तुमच्या घरावर अवलंबून आहे. चांगली बारोलो दहा-वीस वर्षे टिकते; परंतु ती बारा ते पंधरा अंशांच्या स्थिर तापमानात ठेवली तरच. नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये कपाटात उभी ठेवलेली बाटली एका उन्हाळ्यातही बिघडू शकते आणि साध्या फ्रिजमध्ये दीर्घकाळ ठेवणेही योग्य नाही. वाइनसाठीचा वेगळा फ्रिज नसेल, तर अलीकडच्या हंगामाची बारोलो घेऊ नये. तळघरात जुन्या हंगामाची बाटली विक्रीला आहे का ते विचारावे किंवा तिथलीच लांगे नेब्बिओलो अथवा बार्बेरा (याच नावाच्या दुसऱ्या द्राक्षाची वाइन) घ्यावी. या दोन्ही तुलनेने स्वस्त असतात, आल्यावर लगेच उघडता येतात आणि बार्बेराचा आंबटपणा आपल्या मसालेदार जेवणाबरोबर बारोलोच्या तुरटपणापेक्षा अधिक जुळतो. कोणाला कोरडी वाइन आवडतच नसेल, तर गोड आणि हलक्या बुडबुड्यांची मोस्कातो दास्ती आणावी. तिच्यात अल्कोहोल साधारण पाच टक्केच असते. मात्र ती ठेवून सुधारत नाही, त्यामुळे दिवाळीत आणलेली बाटली संक्रांतीपर्यंत संपवावी.